निनादचा नवा शब्द

निनादला शब्दांचं वेड लागलेलं तेव्हाची गोष्ट सांगते. माझा धाकटा भाऊ, इंग्लिश मीडियमवाला. मराठी सुधारायला रोज पेपर वाचायचा आणि नवा शब्द सापडला की लगेच वापरायचा.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या दिवशी त्याचा मेसेज आला, "आईला घरी आणलंय. अत्यवस्थ आहे."

मी होते तशी घराबाहेर पडले. फोन लावतेय, तर हा उचलत नाही. मानपाड्याहून थेट नौपाड्याला रिक्षा केली, रस्ताभर देवाचा धावा.

दार आईनेच उघडलं, काळा चष्मा लावून. मला रडताना बघून म्हणाली, "कोण गेलं गं?"

मी मेसेज वाचून दाखवला. निनाद म्हणाला, "अत्यवस्थ म्हणजे अति व्यवस्थित ना, ताई?"

आई शांतपणे म्हणाली, "शब्द जपून ठेव बाळा. पुढे लागेल."