बुडताना कुठलं पान बघायचं

…नाही, पण पहिल्याच पानावर वारा कशाला? तुम्हाला सांगतो, खेळाच्या नियमांचं पुस्तक म्हणून हातात घेतलं, विटेएवढं जड, उघडलं तर काय, ‘उत्तरेच्या डोंगरांवरून वारा कुजबुजत होता’… अरे कुजबुजू दे ना, मला फासे कसे टाकायचे ते सांग. मग राजा, राजाचा बाप, बापाने कुणाकुणाला विष घातलं, ते आटपलं की नकाशा, आणि खेळायचं कसं हे पुढे कुठेतरी, चेटकिणींच्या टोप्यांचे रंग सांगून झाल्यावर. शिसारी आली हो. मी आयुष्यभर मिक्सरची माहितीपुस्तकं लिहितोय. भांडं बसवा, झाकण लावा, बटण फिरवा. झाकणाचं आधी सांगतो, टोमॅटो छताला लागल्यावर नाही. मिक्सरच्या पुस्तकात असलं चालतं का, तुम्हीच सांगा.

आता मी या भानगडीत पडलो कसा? तर आमची कन्या. कॉलेजात गेल्यापासून तिच्या खोलीचं दार बंद, आणि माझ्याशी बोलणं म्हणजे ‘हं’ आणि ‘नको’. रविवारी दुपारी तिच्या दोन मैत्रिणी येतात आणि तिघी टेबलाभोवती बसून हा खेळ खेळतात. खेळात प्रत्येकीचं एक सोंग: एक तलवारवाली, एक चेटकीण, आमची कन्या चोरटी. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळं तोंडी. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी म्हणायचं मी भिंत चढते, मी कुलूप फोडते, आणि जमलं की नाही ते फासे ठरवणार. गोष्ट सांगणारा तो मास्तर. त्यांचा मास्तर नोकरी लागून परगावी गेला, तशी कन्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘बाबा, तू होतोस का आमचा मास्तर?’ अख्खं वाक्य हो, कर्ता-कर्म-क्रियापदासकट! ती म्हणाली असती छपरावर जाऊन उभा राहा, तरी मी गेलो असतो.

पहिलाच रविवार. मी आपलं छान रंगवून सांगतोय, आणि कन्येची चोरटी पडली विहिरीत. दोन वर्षं जिवापाड जपलेली चोरटी. ‘बाबा, मी श्वास किती वेळ धरू शकते?’ आजवर त्यांच्यात कुणी बुडलंच नव्हतं, त्यामुळे सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत. मी त्यांच्या त्या पुस्तकाची मागची सूची उघडली. बुडणे: ‘श्वास’ पाहा. पाहिला. श्वास: ‘दमणूक’ पाहा. दमणूक: ‘लांबचे प्रवास’ पाहा. आणि प्रवासात काय, तर खेचरावर ओझं किती लादावं. अरे, माणूस तिकडे पाण्याखाली आहे! चेटकीण बिस्किटं संपवून डब्यातला चुरा खातेय, तलवारवाली म्हणतेय, ‘काका, मी दोर सोडू का?’ म्हटलं थांब बाई, दोराचा नियम कुठे आहे ते मला माहीत नाही. शेवटी कन्येने फासे गोळा केले. ‘राहू दे बाबा. मेली ती.’ झालं, दार पुन्हा बंद. मिक्सरच्या पुस्तकात असलं चालतं का?

नियम मला सापडला संध्याकाळी. राक्षसी माशांच्या धड्यात, माशाच्या शेपटीखाली, एवढ्याशा चौकटीत. चोरटी आरामात वर आली असती हो…

मग मात्र माझं डोकं फिरलं. सरळ बाइंडिंग उसवलं, पानं सुटी केली आणि आमच्या पद्धतीने लावली. आधी जोडणी, मग वापर, मग बिघाड. बुडणं, जळणं, विष चढणं, सगळं बिघाडात. वारा, राजा आणि राजाचा बाप पार शेवटी, हमीपत्राच्या जागी. स्प्रिंग घालून आणलं आणि कन्येच्या दारावर टकटक केली. म्हटलं, ‘तुझी चोरटी जिवंत आहे. हे बघ पान.’ तिने पान वाचलं, हसली… आणि मग पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. ‘बाबा, हे काय केलंस?’

रविवारी तिघींनी मला फैलावर घेतलं. ‘काका, पडण्याचे नियम तुटक्या पुलाच्या चित्रासमोर असायचे.’ ‘काका, विष कॉफीच्या डागाशेजारी होतं, तो डाग कुठे गेला?’ म्हणजे त्या उकिरड्यातली चिंधी न् चिंधी यांना पाठ! मिक्सरच्या पुस्तकात… जाऊ दे.

आता कन्येची रविवारची तयारी आठवडाभर चालते, आणि मला दिवसभर हाका. मी दाढी करतोय, ‘बाबा, विष कुठे ठेवलंयस?’, शेजारीण दारात थबकते. मी मीटिंगमध्ये, फोन, ‘बाबा, आग कुठाय?’ म्हटलं, बिघाडात बघ, विषाच्या अलीकडे. सापडलं तरी फोन ठेवत नाही. चोरटी पुढे काय करणार ते सांगते, आणि परवा तर स्वतःचंसुद्धा थोडं सांगितलं.

पानं हलवली की सूची नवी लागते, हे मला कळत नाही का? माझा धंदाच तो. केलीय ना, कधीच करून ठेवलीय. इतकी सुरेख झालीय की बुडणारा माणूस बुडता बुडता वाचेल. ऑफिसच्या कपाटात आहे, कुलूप लावून… आणि तुम्हाला सांगतो, तिथेच राहणार.