पिशव्यांवर पेटलेली चूल

प्लॅस्टिकच्या धुराला तुम्ही खुशाल शिव्या द्या, पण आमच्या पाटोद्याच्या भाचीचं लग्न त्या धुरानेच जमलं. तेव्हा किराणा कागदी पुड्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत यायला नुकती सुरुवात झाली होती. ताईला पुड्यांच्या कागदावर चूल पेटवायची सवय. कागद यायचा बंद झाला, तशी ती पिशव्यांवर पेटवू लागली. भाचीला बघायला पाहुणे आले त्या दिवशीही तिने तेच केलं.

मुलगी सगळ्यांना पसंत पडली. मग मुलाच्या वडिलांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"पाव्हणं, च्याला वास लई येगळा येतोय."

दाजी माझ्या कानात कुजबुजले, "गेलं स्थळ!"

"चूल कशावर पेटवलीय?" वडिलांनी आत बघून विचारलं.

ताई दारात येऊन म्हणाली, "तेलाच्या पिशव्यांवर. थांबा, दुसरा टाकते."

"दुसरा कावून?" म्हणत त्यांनी कप उचलला आणि ते बायकोकडे वळले. "बघ, आपल्याच घरची चव हाय. पोरीला सासर परकं वाटायचं न्हाई."