साळवीचा लाल-पिवळा तंबू

आमच्या साळवीबरोबर कुठे जाऊ नये, हे मला जैसलमेरला कळलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. वाळवंटातली मोटारींची रॅली बघायला आम्ही दोघंच गेलो होतो. तंबू साळवीचा, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून शिवून घेतलेला.

हा राहणारा बदलापूरला, मांजर्लीत. पावसाळ्यात नदी घरात येते. त्यामुळे तंबू ठोकला कुठे, तर सगळ्यात उंच टेकाडावर!

"अरे, इथे वर्षाला चार थेंब पडत नाहीत."

"पाणी काय सांगून येतं?"

सकाळी मी स्टोव्हवर चहा ठेवतोय, तर रॅलीतली एक गाडी धुरळा उडवत थेट आमच्यासमोर थांबली. टेकाडावरचं ते लाल-पिवळं कापड बघून त्यांना वाटलं, वेळ नोंदवायची चौकी हीच. खिडकीतून एक कार्ड बाहेर आलं.

"भाईसाब, टाइम डालो, जल्दी!"

आता साळवी म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यात गेटवरचा टाइमकीपर. त्याने घड्याळ बघितलं, वेळ लिहिली, खाली सही ठोकली आणि वर म्हणाला, "कल से टाइम पे आने का."

मी त्याला ओढून बाजूला करेपर्यंत मागे आणखी तीन गाड्यांची लाइन लागली!

शेवटी आयोजकांचा एक साहेब जीपमधून उतरून बोंबलत वर आला. "कौन हो तुम? यहाँ किसने बिठाया?"

मी सरळ तंबूत घुसलो. साळवीने मान वर न करता हात पुढे केला.

"चिल्लाना बाद में. पहले कार्ड."