छातीवरची

१९८७ चा मे. अमळनेरच्या स्टँडवर मी धुळ्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक बाई, तिची नुकतीच लग्न झालेली मुलगी आणि इंग्रजी शिकवणारे मामा बसले होते.

"भाऊ, डॉक्टर म्हणतो, सुनंदाला नाईटमेअर होतं. हे काय शे?"

"वाईट स्वप्न, अक्का. पोरीला खुशाल सासरी धाड."

"मामा, मेअर म्हणजे घोडी ना?"

"इथं घोडी नाही. जुन्या इंग्रजीत मेअर म्हणजे झोपलेल्याच्या छातीवर बसून दम कोंडणारी बाई."

"मग मी वेगळं काय सांगत होते?"

"अगं, आता कोणी मानत नाही. नुसता शब्द उरलाय."

"त्यांच्यातही दुसरीच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक घालतात?"

"नाही. ही आपली रीत. चांदीचा एवढासा टाक, त्याचं काय ओझं? काढून ठेव थोडे दिवस."

"माहेरी आले त्याच दिवशी काढला. मायजवळ दिला."

"मग झोप लागली?"

"छान लागते."

"बघ! मनाचे खेळ. अक्का, ऊठ, गाडी लागली. अक्का?"

"जाऊ दे ती गाडी."

"सासरचे वाट बघत असतील. काय झालं?"

"टाक माझ्या उशाखाली आहे, भाऊ. आता ती माझ्या छातीवर बसते. रोज एकच विचारते."

"काय?"

"पोरीला कधी धाडतेस?"