मावशीची अडचण

...अहो, अडचण सिद्ध करायला गेलो तर अडचणीतला माणूसच फितूर! तुम्हाला सांगतो, माझी मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात पूर्णवेळ नोकरीला, दिवसभर उभं राहून ओल्या चादरी उपसायच्या, घरी काका पाठ धरून अंथरुणावर, पगार सगळा औषधात, बिल थकलं म्हणून वीज तोडलेली... आणि मी नुकताच लांबून शिकून आलेला, तिच्याकडेच उतरलेला, डोक्यात नुसता न्याय भरलेला! नियम शोधून काढला. पूर्णवेळ नोकरी असली तरी, अडचण असेल तर सरकारी मदत मिळते. मिळते! म्हटलं, "मावशी, हक्क आहे तुझा!" तर म्हणते कशी, "आपलं काय अडलंय? चालतंय की!"

अंधारात चमचा सापडत नाही, मी काकांच्या पायावर पाय देतो, आणि म्हणे चालतंय की!

ओढत नेली मदतीच्या सरकारी कचेरीत. बिनपगारी रजा काढून. तर ही ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून, जशी काही लग्नाला निघालीय! खिडकीपलीकडच्या बाई भल्या हो, चष्मा वर करून विचारतात, "ताई, घरात वीज नाही, मग कसं भागतं?"

"दिवसा उजेड असतोच की."

"आणि रात्री?"

"रात्री झोपायचं असतं, बाई."

मी कोपरानं ढोसतोय! "स्वयंपाक?" "शेजारीण करू देते तिच्याकडे. सोन्यासारखी बाई. चालतंय की!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो ताई, अडचण आहे असं तुम्ही म्हणायला तर हवं ना? मी मनानं कसं लिहू?"

निघेचना हो तिच्या तोंडून! जन्मभर राबून खाल्लेलं तोंड, ते 'कमी पडतं' असं कुठून म्हणणार? मग मीच उभा राहिलो. काय बोललो म्हणता! पूर्णवेळ राबणाऱ्या बाईच्या घरात अंधार, ही लाज तिची की आपली? रांगेतले लोक माना डोलवायला लागले, एक आजोबा तर "शाब्बास!" म्हणाले, बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले... जिंकलो!

"छान बोलता," बाई म्हणाल्या. "ताईंकडेच राहता?"

"हो!"

"नोकरी?"

"सध्या... शोधतोय."

"तब्येत?"

"ठणठणीत!" काय गरज होती? पण छाती काढून सांगितलं हो मी!

बाईंचा चेहरा पडला. "मग नाही बसत नियमात. घरात धडधाकट माणूस रिकामा असला, तर आधी त्यानं हातभार लावायचा."

आणि इतका वेळ थंड बसलेली मावशी ताडकन उठली! "रिकामा? पाहुणा आहे तो माझा! दोन घासांना जड नाही झाला मला!"

झालं. पाहुणा पोसणाऱ्या घरात अडचण कसली! उरलासुरला अर्जही बुडाला.

रस्त्यात मावशीनं पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "मनाला लावून घेऊ नको रे. आमच्याकडे चादरींच्या घड्या घालायला माणूस हवाय."

आता रोज भल्या पहाटे जातो. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. लोक विचारतात, काय झालं हो अर्जाचं? म्हटलं, अर्ज फेटाळला, पण मदत लगेच मंजूर झाली... ही काय, तुमच्यासमोर उभी आहे!