सतराव्या पानावरचं टिंब

वाचनालयाच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय होत्या. भावजय हातातल्या पुस्तकाच्या पानावर खोडरबर फिरवत होती.

"हे काय गं, वहिनी?"

"आईंचं टिंब पुसतेय, ताई. वाचलेलं पुस्तक ओळखू यावं म्हणून त्या सतराव्या पानावर टिंब देतात ना."

"म्हणजे हे वाचून झालंय की!"

"नऊ वेळा. लक्षातच राहत नाही. पण टिंब दिसलं की आपण विसरलो हे कळतं, मग घाबरतात."

"मग दुसरं ने."

"दुसऱ्यात कोण कधी मरेल, काय सांगावं? यात एवढंसं गाव आहे, सगळे देवभोळे. रुसून गेलेलासुद्धा जेवायच्या वेळेला घरी येतो."

"असं गाव असतं का कुठं?"

"नसेना का. भांडी आवरून अंगात त्राण उरत नाही, तेव्हा मीही दोन पानं वाचते."

"तू? तू तर देव मानत नाहीस."

"नाहीच मानत. पण त्यातली म्हातारी रोज प्रार्थनेत घरातल्या सगळ्यांची नावं घेते. सुनेचंसुद्धा."

"...आई तुला काय हाक मारते गं हल्ली?"

"'अहो बाई' म्हणतात. सरका पुढं, ताई, आपला नंबर आला."