पाँडिचेरीला काय आहे एवढं बघण्यासारखं

— म्हणजे तुम्हालाच पाठवलं तर तिनं. वाटलंच होतं मला. या, नीतावहिनी, चपला राहू द्या तिथेच, आणि ती बघा, दाराच्या मागे बॅग भरून तयार आहे. अरुणाचे सगळे कपडे आहेत, वाचायचा चष्मा आहे, ब्रशांची ती पुरचुंडीपण घातलीय — पंधरा वर्षं माळ्यावर पडली होती, पण घातली. उगाच नंतर कोणी म्हणायला नको, प्रमोदनं सामान अडकवून ठेवलं म्हणून. तुम्ही भावाकडे चेन्नईला चाललाय हे तुमचा विक्रांत परवा ऑफिसात बोलला, तेव्हाच मी ओळखलं, बाईसाहेबांचं सामान न्यायला हा दूत येणार आपल्याकडे. — नाही, थांबा, आधी मला बोलू द्या. तिची बाजू तुम्ही फोनवर तासन् तास ऐकली असेल, आता पाच मिनिटं माझी ऐका. बसा. चहाचं विचारत नाही, कारण चहाची पावडर कुठल्या डब्यात आहे ते मला माहीत नाही, सगळे डबे सारखेच आणून ठेवलेत, खालून कोपी आणलीय — आता आपणही कॉफीला कोपीच म्हणायला लागलो — ती घ्या अर्धी. गार झाली असेल. असू दे.

तर पाँडिचेरी. तुम्ही जाऊ नका, सांगून ठेवतो. विक्रांतनं नेलं तरी जाऊ नका. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कुठेतरी जाऊ या, असं तिचं चाललं होतं, मी म्हटलं बिन्तान बेट बघ, इथून बोटीत बसलं की झालं, संध्याकाळी हॉटेलात. नाही. हिला फ्रेंचांचं गाव बघायचं होतं. आहे काय तिथे? पिवळ्या भिंती. पिवळ्या भिंती, त्यावर बोगनवेल, आणि प्रत्येक भिंतीसमोर कोणीतरी पोरगी मान वाकडी करून फोटो काढून घेतेय. फ्रेंच गेले ते गेले, रस्त्यांची नावं ठेवून गेले — आणि आपण त्या नावांसाठी उन्हात हिंडायचं! सकाळी जुनी घरं बघायची, दुपारी चित्रं बघायची, मधे एवढासा केक खायचा काट्यानं. मी काय म्हणतो, जुनं घर म्हणजे काय हो? ज्याच्यात लिफ्ट नाही ते. सिंगापुरात आमचा हा तोआ पायोहचा ब्लॉकसुद्धा जुना आहे, पण टाउन कौन्सिलवाले येतात, रंग देतात, लिफ्ट चालते, कोणी तिकीट लावतं का बघायला? वन-नॉर्थला ऑफिसच्या अख्ख्या इमारतीचं मेंटेनन्स माझ्या डोक्यावर आहे, ओल आलेली भिंत मला रस्त्यावरून कळते. त्यांच्याकडे ओलीलाच हेरिटेज म्हणतात. पोपडे सुटलेत, वायरी लोंबतायत, आणि गाइड सांगतोय, सर, हा चुन्याचा गिलावा, यात अंड्यातलं पांढरं घोटलेलं आहे. मी म्हटलं, मग पिवळं बाहेरून लावलं वाटतं! कोणी हसलं नाही. त्या लोकांना विनोद कळत नाही, सगळे आपले देवळात आल्यासारखे हळू आवाजात बोलतात.

आणि अरुणा! एका खांबासमोर उभी राहिली की हलायचंच नाव नाही. लाकडी खांब, वर जरा नक्षी. मी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा दंड धरून पुढे आणली — आता तुम्ही असं बघू नका, ओढली नाही, धरून आणली. चार दिवसांत सगळं बघायचं तर कोणीतरी घड्याळाकडे बघायला नको? गॅलऱ्यांत तर कहरच. एक कॅनव्हास, नुसता निळा, खाली कोपऱ्यात एक ठिपका. मी तिथल्या मुलीला विचारलं, बाई, हे पूर्ण व्हायचंय का अजून? अरुणा बाहेर निघून गेली. माझी लाज वाटली म्हणे तिला. माझी! मी आणली तिला सिंगापूरला, मी घर दिलं, पोरीला, गार्गीला शिकवली, आणि ठिपका काढणाऱ्याची नाही, माझी लाज वाटली.

मग शेवटच्या दिवशी ते मादामचं घर. ही मादाम म्हणजे आपलीच हो, तमिळ बाई, पण आजोबा कुठल्याशा फ्रेंच कचेरीत होते म्हणून मादाम. मोठं घर, खाली लोकांना दाखवते, वर चित्रं रंगवणाऱ्या बायकांना खोल्या देते राहायला. दिवाणखान्यात एक खुर्ची, तिला दोरी बांधलेली, बसायचं नाही. खुर्ची कशाला ठेवायची मग? असो. तर ती मादाम प्रत्येकाला विचारत होती, तुम्ही काय करता. कोणी डॉक्टर, कोणी काय. आमच्याकडे वळली, मी माझं सांगितलं, मग हिला विचारलं, अँड यू? आता अरुणा उत्तर द्यायला वेळ लावते, तुम्हाला माहितीय, म्हणून मीच म्हटलं, शी इज माय डिपेंडंट. — का? चुकलं काय त्यात? सरकारी शब्द आहे! तिच्या इथे राहायच्या पासवर छापलेला आहे! दर वेळी रिन्यू करताना तेच लिहितो आपण, तुमचा विक्रांतपण तेच लिहितो. तिथे एक म्हातारा साहेब फिदीफिदी हसला, तर हसू दे. पण अरुणा — अरुणा त्या बाईला म्हणाली, आय पेंट. अहो, काय पेंट? गार्गीच्या शाळेचा चार्ट सोडून काही रंगवलंय का बाईनं या घरात? मी तसं म्हटलंसुद्धा, तिथेच, इंग्लिशमधे, सगळ्यांना कळावं म्हणून.

तर मादाम हिला वर घेऊन गेली. मी खाली. त्या दोरीपाशी. खाली आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, आणि म्हणाली, मी थोडे दिवस राहते इथे. थोडे दिवस! बायका थोडे दिवस म्हणतात तेव्हा काय म्हणत असतात ते न कळायला मी खुळा नाही. विमानात माझ्या शेजारची सीट रिकामी. जेवण आणलेल्या मुलीनं विचारलं, मॅडम कुठेत? सांगितलं, बाथरूममधे आहे. चेन्नईपासून चांगी एअरपोर्टपर्यंत बाथरूममधे. — नाही, हसायला नाही सांगितलं मी.

गार्गीला फोन केला हॉस्टेलवर, तर ती म्हणते, पपा, लेट हर बी, लाह. लाह! बापाशी इथल्या पोरांसारखं लाह! अरुणाचे फोन आले, येतात की रोज, मी नाही उचलत. मेसेजपण बघत नाही. काय असणार त्यात? हे पाठव, ते पाठव. मीही काही हात बांधून बसलेलो नाही, नीतावहिनी. सोमवारी सरळ ऑफिसात गेलो, एचआरच्या एकताला म्हटलं, मिसेसचा डिपेंडंट पास कॅन्सल करून टाक. तिनं दोनदा विचारलं, सर, शुअर? म्हटलं, शंभर टक्के. पेंट करते ना ती? मग करू दे तिकडेच, तिला कशाला हवाय माझा पास? काल झालं कॅन्सल. तुम्ही सांगा तिला, बॅग देताना सांगा, म्हणजे कळेल, एवढा लागला होता तो शब्द काय असतो —

काय झालं? उठलात का? अहो, कोपी तरी — काय? कोण येतंय उद्या?

नाही, नीट सांगा. अरुणा? इकडे? तिकीट काढलंय? — मग बॅग कशाला न्यायला — नाही? बॅग न्यायला नाही आलात? हेच सांगायला आलात? मी फोन उचलत नाही म्हणून? मग दारातच नाही का सांगायचं, वहिनी! हां. हां, मीच. मीच बोलू नाही दिलं.

म्हणजे खरंच थोडेच दिवस होते ते. पण — चेन्नईलाच अडवतील हो तिला. काउंटरवर. पास नाही, व्हिसा नाही, सगळ्या रांगेसमोर सांगतील, मॅडम, तुम्हाला नाही जाता येणार. आणि ती विचारेल कोणी कॅन्सल केला, आणि ते सांगतील. एकताला सांगू? होतं का परत काही? आज शनिवार, ऑफिसात कोण असणार आज. तुम्ही नका काही बोलू तिला. मी बघतो, मी करतो काहीतरी, तुम्ही जा आता, जा ना — अहो, फोन कोणाला लावताय? अरुणाला? नीतावहिनी, नको. बंद करा तो. नाही, माझ्याकडे नका देऊ, मी काय —

हॅलो. हो. मीच आहे. हो, आल्यात नीतावहिनी, इथेच उभ्या आहेत. नाही, काही नाही, ठीक आहे सगळं. — बोल ना. नाही, तू बोल आधी.